समुद्रतळाचा गाळ आणि आमच्या जमिनीचा हिशेब

पाऊस जितका अधिक तितकी माती अधिक वाहून जाते, असें आपण सर्व समजतों. आणि एका दिवसाचा किंवा एका पावसाळ्याचा हिशेब धरला तर तें खरेंही आहे. आषाढांत सूर्या नदीला जो गढूळ पूर येतो, तो पाहून आमच्या मासवणचें शाळकरी पोरही हेंच सांगेल. परंतु हजारों वर्षांचा हिशेब एकत्र मांडला म्हणजे उत्तर निराळें येतें. ज्या काळांत पाऊस कमी होत गेला, त्याच काळांत दख्खनची माती अधिक वेगानें समुद्रास मिळाली. ही गोष्ट कोणी मनुष्यानें लिहून ठेविलेली नाहीं. ती समुद्रतळच्या गाळांत सांपडली. तो गाळ कसा सांचतो, शास्त्रज्ञ तो कसा वाचतात, आणि त्यावरून जमीनधारकांनीं काय शिकावें, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. आमचीं दप्तरें किती मागें जातात?

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पर्जन्यमापकाचे आंकडे वहींत मांडणें, नजर अंदाज पैसेवारीचे तक्ते तयार करणें, पन्नास पैशांच्या आंत आलेल्या गांवांची यादी वर पाठविणें, ह्यांत आमचें आयुष्य गेलें. एकदां एका कचेरींत पावसाच्या जुन्या वह्या शोधून काढण्याचें काम आमच्याकडे आलें. गठ्ठा सोडतांच वाळवीनें खाल्लेल्या कागदाचा चुरा हातीं आला. त्या तालुक्याचा कित्येक वर्षांचा पाऊस त्या चुऱ्याबरोबर गेला.

परंतु वाळवी लागली नसती तरी हें दप्तर किती मागें जातें? भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. म्हणजे देशाच्या पावसाचा पद्धतशीर हिशेब सुमारें दीडशें वर्षांचा आहे. घरांतील वृद्धांची आठवण फार तर तीन पिढ्यांची. एवढ्याच आधारावर आपण बांध किती उंच घालावा, उतारावरील जंगल राखावें कीं तोडावें, हें ठरवितों. मोसमी पावसाचें वय लक्षांत घेतां दीडशें वर्षें म्हणजे पुस्तकाचें शेवटचें एक पान होय. मागचीं पानें पाहावयाचीं असतील तर समुद्राकडे जावें लागतें.

२. समुद्र आपलें दप्तर कसें लिहितो?

आमच्या शेतांतून निघालेली माती सूर्येंत जाते. सूर्या वैतरणेस मिळते आणि वैतरणा अर्नाळा व दातिवरें ह्यांच्या बाजूस अरबी समुद्रास मिळते. नदीचा वेग मंदावला कीं जाड वाळू मुखाशींच पडते; बारीक चिकणमाती मात्र पाण्यांत तरंगत पुढें जाते व सावकाश तळाशीं बसते. तिच्याबरोबर आणखीही पदार्थ बसतात: वाऱ्यानें आलेली वाळवंटाची धूळ, झाडांचे परागकण, कुजलेल्या पाल्याचा अंश, आणि समुद्रांतील अतिसूक्ष्म जीवांचीं चुन्याचीं कवचें. ह्या जीवांस फोरामिनिफेरा म्हणतात. त्यांपैकीं बहुतेक वाळूच्या कणाएवढे असतात. पण त्यांच्या कवचांनीं समुद्रतळाचे विस्तीर्ण प्रदेश झांकलेले आहेत.

दरसाल असा थर पडतो. नदीमुखापासून दूर, खोल समुद्रांत, हजार वर्षांत तो अवघा कांहीं सेंटिमीटर वाढतो. मुखाजवळ त्याच्या अनेक पट. गाळ ढवळला गेला नाहीं तर खालचा थर जुना व वरचा नवा, हा क्रम टिकतो. तळाच्या चिखलांत किडे फार असले म्हणजे ते थर कालवून टाकतात. परंतु अरबी समुद्रांत सुमारें दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या खोलींत प्राणवायु इतका अल्प आहे कीं तेथें जीव थोडेच राहतात. म्हणून जेथें असें पाणी तळास लागतें, तेथें कित्येक ठिकाणीं गाळाचे पापुद्रे वहीच्या पानांप्रमाणें सुटे राहिले आहेत.

चिखल काय काय राखून ठेवतो ह्याचें एक जवळचें उदाहरण घ्या. मुंबईस १८७५ ते १८८० ह्या काळांत प्रिन्सेस डॉक खोदला गेला. त्यावेळीं खाडीच्या चिखलाखालीं खैराचें जंगल निघालें. तीनशेंहून अधिक झाडें, त्यांपैकीं पुष्कळ मुळांवर उभीं. खैर खाऱ्या पाण्यांत उगवत नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. म्हणजे जेथें पुढें जहाजें लागलीं तेथें एके काळीं कोरडी जमीन होती. त्याहूनही मागें, सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, पृथ्वीवर हिमयुग असतांना, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील नायर व हाशिमी ह्यांनीं आमच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरील तळ तपासला. किनाऱ्यालगत नद्यांची चिकणमाती, आणि पन्नास-साठ मीटर खोलीपलीकडे जुनी चुनखडी वाळू, अशी तेथील मांडणी आहे. त्या वाळूंतील गोल चुनकण उथळ, उष्ण पाण्यांतच तयार होतात. अर्थात् आज जेथें खोल पाणी आहे, तेथें त्या काळीं किनारा होता.

३. गाळ वाचण्याची रीत

इंग्लंडच्या चॅलेंजर जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा करून तळाचे नमुने गोळा केले. परंतु ते वरवरचे होते. पुढें लांब पोलादी नळ तळांत घुसवून गाळाची अखंड कांडी उभी वर काढण्याची युक्ति निघाली. नंतर विहीर खोदावी त्याप्रमाणें समुद्रतळांत शेंकडों मीटर भोंक पाडणारीं जहाजें झालीं. कांडी वर आली म्हणजे ती उभी चिरतात आणि बोटभर अंतरानें नमुने घेऊन तपासतात. तपासणीच्या मुख्य खुणा चार आहेत.

पहिली खूण वयाची. सजीवांच्या अंगांत कर्ब-१४ नांवाचा किरणोत्सर्गी कर्ब असतो. जीव मेल्यावर तो ठराविक गतीनें घटतो. ५७३० वर्षांत निम्मा होतो. कवचांत तो किती उरला हें मोजून सुमारें पन्नास हजार वर्षांपर्यंतचें वय काढतां येतें.

दुसरी खूण प्राणवायूची. पाण्यांतील प्राणवायु कांहीं हलका व कांहीं थोडा जड असतो. मिठागरांत पाणी आटतें त्यावेळीं हलकें पाणी आधीं उडून जातें व मागें जड पाण्याचें प्रमाण वाढतें. हिमयुगांत हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. समुद्रावरून उडालेलें हलकें पाणी जमिनीवर बर्फ होऊन अडकलें व समुद्रांत जड पाण्याचें प्रमाण वाढलें. उलट नदीचा पूर मोठा असला कीं मुखाजवळील पाण्यांत हलका प्राणवायु वाढतो. सूक्ष्म जीवांचीं कवचें ह्या पाण्यापासूनच बनतात, म्हणून त्यांत ही नोंद राहते. १९५५ सालीं एमिलियानी ह्या शास्त्रज्ञानें ह्या रीतीनें जुन्या हवामानाचा क्रम लाविला. १९७६ सालीं हेज, इंब्री व शॅकलटन ह्यांनीं दक्षिण हिंदी महासागरांतील गाळकांड्यांवरून दाखविलें कीं हिमयुगांची ये-जा सुमारें १,००,०००, ४१,००० व २३,००० वर्षांच्या तालांवर चालते, आणि हे ताल पृथ्वीच्या कक्षेंत व कलांत होणाऱ्या फरकांशीं जुळतात.

तिसरी खूण मातीच्या जातीची. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. तिच्यांतील चिकण निराळी. तांबड्या जांभ्याची चिकण निराळी, हिमालयाकडून सिंधूनें आणलेली निराळी. गाळांत कोणती चिकण किती आहे ह्यावरून माती कोणत्या प्रदेशांतून आली हें ओळखतां येतें. आपण चिमूटभर माती बोटांत चोळून शेत ओळखतों, तेंच काम येथें यंत्रानें होतें.

चौथी खूण पानांवरील मेणाची. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ लेप असतो व तो गाळांत हजारों वर्षें टिकतो. भात, डाळी व बहुतेक वृक्ष हवेंतील कर्ब एका रीतीनें घेतात. ज्वारी, बाजरी, ऊंस व कोरड्या माळावरील पुष्कळ गवतें दुसऱ्या रीतीनें. दोहोंच्या मेणांतील जड कर्बाचें प्रमाण भिन्न असतें. त्यावरून नदीच्या खोऱ्यांत झाडी किती होती व कोरडें गवत किती, हें कळतें.

४. अरबी समुद्राची साक्ष

नैऋत्येचा मोसमी वारा जोरानें वाहूं लागला म्हणजे अरबस्तानांतील ओमानच्या किनाऱ्याशीं खालचें थंड व पोषक पाणी वर येतें आणि त्यांत ग्लोबिजेरिना बुलॉइडीस नांवाचा कवचधारी जीव फार वाढतो. ज्या थरांत त्याचीं कवचें अधिक, त्या काळीं वारा अधिक जोराचा. खरगपूर येथील अनिल गुप्ता ह्यांनीं अँडरसन व ओव्हरपेक ह्यांच्यासह अशी मोजणी करून २००३ सालीं दाखविलें कीं गेल्या सुमारें दहा हजार वर्षांत मोसमी वारा अनेकदां शतकेंच्या शतकें मंदावला, आणि हे मंदीचे काळ उत्तर अटलांटिक महासागर थंड झाल्याच्या काळांशीं जुळतात. ह्या दहा हजार वर्षांच्या आरंभीं मोसम फार जोरदार होता. पुढें तो एकंदरींत उतरत गेला.

आमच्या शेजारचा पुरावा कारवारचा. काळी नदीचें गोडें पाणी समुद्रांत किती आलें ह्याचा परिणाम तळांतील सूक्ष्म जीवांवर होतो. कारवारच्या बाहेरील गाळांत ह्या जीवांची तपासणी करून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे राजीव निगम, खरे व नायर ह्यांनीं १९९५ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं अवर्षणाचा सुमारें ७७ वर्षांचा एक फेरा दिसतो. ह्यावरून पुढील दुष्काळाचें साल पंचांगाप्रमाणें काढतां येईल असें कोणीं समजूं नये. मात्र आपल्या एका हयातींत न दिसणारे फेरे पावसांत असूं शकतात, एवढें ह्यावरून ध्यानांत येतें.

हें दप्तर सर्वत्र अखंड नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २०१५ सालीं जॉयडीस रिझोल्यूशन ह्या जहाजानें आमच्या किनाऱ्यापासून सुमारें पावणेपांचशें किलोमीटर पश्चिमेस तळांत अकराशें मीटरांहून खोल भोंकें पाडलीं. धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. तेथें सुमारें एक कोटी आठ लक्ष वर्षांपूर्वींची एक प्रचंड दरड मिळाली. किनाऱ्याकडील गाळ घसरून खोल समुद्रांत पसरला होता. तिला नटराज असें नांव दिलें आहे. अशा ठिकाणीं पानें उलटींसुलटीं होतात; म्हणून एका कांडीवर विसंबून न राहतां अनेक ठिकाणच्या कांड्या ताडून पाहाव्या लागतात.

५. गोदावरीची साक्ष

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. वैतरणा व गोदावरी ह्या दोन्ही त्र्यंबकच्या डोंगरांतून निघतात. एकीचें पाणी आमच्या बाजूनें पश्चिम समुद्रास मिळतें. दुसरीचें १,४६५ किलोमीटर जाऊन आंध्रांत पूर्व समुद्रास. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यांत काळ्या पाषाणाची दख्खन आहे. सबब तिच्या मुखाबाहेरील गाळ म्हणजे नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या शेतांचाही हिशेब होय.

२००६ सालीं त्या मुखाबाहेर एक लांब गाळकांडी काढली गेली. तिच्यांतील पर्णमेण तपासून पाँटन, गिओसान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें कीं सुमारें ४००० वर्षांपूर्वींपासून खोऱ्यांत कोरडवाहू गवतझाडोरा वाढूं लागला, तो १७०० वर्षांपूर्वींपर्यंत वाढत गेला आणि पुढें तसाच टिकला. म्हणजे मोसम दुबळा होऊन प्रदेश कोरडा झाला. २०१७ सालीं गिओसान व इतरांनीं त्याच कांडींतील मातीचें मोजमाप प्रसिद्ध केलें. पाऊस घटला, तर वाहून येणारी मातीही घटावयास पाहिजे होती; पण ती पुष्कळ वाढलेली आढळली. शिवाय त्या मातीबरोबर आलेला कर्ब अधिकाधिक जुना होत गेला. शेतकऱ्यास ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. वरची ताजी खतावलेली माती जाऊन पाणी खालच्या जुन्या थरास भिडलें होतें.

असें कां झालें? पाऊस कमी झाला म्हणजे प्रत्येक सर सौम्य होते असें नव्हे. कोरड्या मुलखांतही वळीव झोडपतो. पण तेथें जमिनीवर झाडी विरळ, गवत तुटक, मुळें उथळ. आच्छादन गेलें कीं थोड्या पावसाचें बळही पुरेसें होतें. आरंभीं हें निसर्गानेंच घडलें. पुढें दख्खनवर शेती पसरली, लोखंडी अवजारें आलीं, अधिक रान मोडलें गेलें, आणि मातीचा ओघ आणखी वाढला, असा त्या शास्त्रज्ञांचा निर्णय आहे. प्रवरेच्या कांठीं जोर्वे व दायमाबाद येथें ज्या प्राचीन शेतकरी वस्त्या उत्खननांत सांपडल्या, त्या सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं ओस पडल्या होत्या. वाढता दुष्काळ हें त्याचें एक कारण असावें असें कित्येक पुरातत्त्वज्ञ मानतात.

६. नत्र कोठें जातें?

मातीबरोबर खतही जातें, म्हणून समुद्रांतील नत्राचीही थोडी माहिती असावी. भाताच्या तुंबलेल्या खाचरांत नत्रखत वरवर फेंकलें तर त्यांतील पुष्कळ भाग वायु होऊन उडून जातो. कारण चिखलांत प्राणवायु संपला कीं सूक्ष्म जंतु नत्रयुक्त क्षारांतील प्राणवायु वापरतात व नत्र मोकळें करतात. अरबी समुद्राच्या प्राणवायुहीन पाण्यांत नेमकें हेंच चालतें. जगांत ह्या क्रियेचे जे तीन मोठे सागरी प्रदेश आहेत त्यांत हा एक आहे. जंतु हलकें नत्र आधीं वापरतात, त्यामुळें उरलेलें जड नत्र शेवाळांतून गाळांत येतें व ती क्रिया केव्हां जोरांत होती ह्याची नोंद करतें. उष्ण काळांत व जोरदार मोसमांत ती वाढलेली दिसते, हिमकाळांत मंदावलेली. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं दाखविलें कीं पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतही प्राणवायु संपतो व नायट्रस ऑक्साइड हा तापवर्धक वायु मोठ्या प्रमाणांत निघतो. जमिनीवरून वाहून येणारें नत्रखत ह्या क्रियेस हातभार लावीत असावें, असें त्यांनीं सुचविलें आहे. पैसे देऊन आणलेलें खत अशा रीतीनें समुद्र बिघडविण्यास जावें, हा दुहेरी तोटा होय.

७. आपल्या शेताचा धडा

कोणी म्हणतील, हा दख्खनचा इतिहास. आमच्या पालघरकडे शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आम्हांस ह्याची काय भीति? आम्हांसही पूर्वीं असेंच वाटत असे. गांवच्या टेकडीच्या उतारावर आमचें थोडें वरकस आहे. नागली अधिक यावी ह्या लोभानें आम्हीं तेथील करवंदीची जाळी, ऐनाचीं झुडपें व कडेचें गवत काढून उतार स्वच्छ केला. पहिल्या वर्षीं पीक बरें आलें. दुसरें वर्ष अपुऱ्या पावसाचें होतें. जूनमध्यें लांब उघडीप पडली, कोवळें पीक करपलें, आणि मग एका रात्रीं जोराची सर आली. सकाळीं खालच्या खाचरांत दोन बोटें मुरूम बसलेला व वर खडक उघडा पडलेला पाहिला. त्या सालीं एकूण पाऊस कमी आणि नुकसान मात्र सर्वांत जास्त. गोदावरीच्या कांडीची हकीकत पुढें वाचण्यांत आली तेव्हां ती आम्हांस आमच्याच उताराची वाटली.

ह्या अनुभवावरून व वरील शास्त्रावरून खालील गोष्टी आम्ही सुचवितों.

(१) उतारावरील गवत व झुडपें समूळ काढूं नयेत. नागली-वरी करावयाची असल्यास आडव्या पट्ट्यांत करावी व दोन पट्ट्यांमध्यें गवताची पट्टी राखावी. बांधावर वाळा लावल्यास माती धरून राहते.

(२) राबासाठीं डोंगरावरील झाडें ओरबाडूं नयेत. रोपाच्या वाफ्यास शेणखत व घरचा पालापाचोळा पुरविल्यास राब कमी करतां येतो.

(३) भात निघाल्यावर ओलीवर वाल किंवा हरभरा पेरावा. जमीन झांकली जाते व नत्रही मिळतें. पहिल्या सरी उघड्या जमिनीवर पडूं नयेत म्हणून पिकांचा काडीकचरा जाळण्याऐवजीं पसरून ठेवावा.

(४) नत्रखत एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावें व जोराच्या पावसाच्या तोंडीं देऊं नये.

(५) जी माती गेली ती सर्व समुद्रास पोंचली असें नाहीं. बरीच तळ्यांत व धरणांत बसली आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केली, ती ह्याचकरितां. गाळ मिळण्यासारखा असेल तेथें तो हलक्या जमिनींत घालावा. परंतु कारखान्यांच्या सांडपाण्याखालील नाल्याचा गाळ तपासल्यावांचून शेतांत आणूं नये.

शेवटीं एक सोपा प्रयोग सांगून लेख संपवितों. येत्या जूनमध्यें पहिल्या जोराच्या सरीच्या वेळीं प्रत्येकानें दोन सारख्या कांचेच्या बाटल्या घ्याव्या. एकींत झांकलेल्या उतारावरून येणारें पाणी धरावें, दुसरींत उघड्या उतारावरून येणारें. दोन्ही बाटल्या आठ दिवस न हलवितां ठेवाव्या, मग तळाशीं बसलेल्या गाळाची जाडी पट्टीनें मोजून तारीख व पावसाच्या अंदाजासह वहींत लिहावी. दरसाल हें केल्यास पांच-सहा वर्षांत आपल्या शेताचें स्वतःचें दप्तर तयार होईल. मात्र वही वाळवीपासून संभाळावी.